विषाणूचे सोंग आणि कर्करोग

मानवी जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग रेट्रोव्हायरसांच्या अवशेषांनी व्यापलेला आहे. आपल्या आरएनएची डीएनए-प्रत तयार करून ती यजमान पेशीच्या डीएनएत बसवणारे हे विषाणू लक्षावधी वर्षांपूर्वी पूर्वजांच्या जननपेशींत शिरले आणि वारशाने उतरत आले. आज त्यांतील बहुतेक मोडकळीस आले असल्याने नवा विषाणू घडवू शकत नाहीत, तरीही पेशी त्यांना मोकळे सोडत नाही. त्यांच्या डीएनएतील सायटोसिन या घटकाला मेथिल गट जोडून, म्हणजे मेथिलीकरण करून, ती तेथील मजकूर मिटून ठेवते. ही बंदी उठली की त्या भागांपासून आरएनए तयार होतो, त्याचे परस्परपूरक धागे जुळून लांब दुपदरी आरएनए बनतो, आणि असा आरएनए निरोगी पेशीत क्वचित, पण अनेक विषाणूंची वाढ होताना आढळत असल्यामुळे, पेशीतील एमडीए-५ हे संवेदक प्रथिन त्यालाच संसर्ग समजते.

या फसगतीचा कर्करोगाविरुद्ध उपयोग होऊ शकतो, हे २०१५ साली ‘सेल’ या नियतकालिकातील दोन शोधनिबंधांनी दाखवले. टोरोंटोतील गटाने मोठ्या आतड्याच्या, तर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गटाने मुख्यतः अंडाशयाच्या कर्करोगपेशी अभ्यासल्या होत्या. ॲझासायटिडीन आणि डेसिटाबीन ही त्यांची औषधे मात्र नवी नव्हती. ती १९६०च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात घडवली गेली होती. पेशी विभागण्यापूर्वी डीएनएची प्रत काढते तेव्हा असे औषध सायटोसिनच्या जागी नव्या धाग्यात शिरते, आणि जुन्या धाग्यावरील मेथिल खुणा नव्यावर उतरवणारे विकर त्याच्याशी जखडले जाते. परिणामी विभाजनागणिक खुणा विरळ होत जातात. म्हणूनच मात्रा मुद्दाम अल्प ठेवावी लागते, कारण पेशी लगेच मेली तर विभागणार नाही आणि सोंगही वठणार नाही.

ते वठले की नाही, हे पाहण्यासाठी काचपट्टीवरील पेशी रसायनाने स्थिर करून त्यांचे पटल सच्छिद्र केले जाते आणि त्यांवर जे-२ नावाचे प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक आकार ओळखून त्यालाच चिकटणारे प्रथिन, सोडले जाते. चिकटलेल्या जागी चमकणारा रंग चढवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली औषध न दिलेल्या पेशी बऱ्याच काळ्या दिसतात, तर औषध दिलेल्या पेशींच्या पेशीरसात ठिपके उजळतात. एवढ्यावर विसंबणे घाईचे ठरते. म्हणून तशाच दुसऱ्या नमुन्यावर दुपदरी आरएनए कापणारे विकर वापरून ठिपके मावळतात का, हे तपासावे लागते. जे-२ला सुमारे ४० जोड्यांहून लांब असा कोणताही दुपदरी आरएनए चालतो, त्यातील अनुक्रम ते वाचत नाही. एमडीए-५चेही तसेच असून आपले-परके ओळखण्याची त्याची कसोटीही आकारावरच अवलंबून असते. त्याचा इशारा तंतुकणिकेवरील प्रथिनामार्फत केंद्रकापर्यंत पोचला की पेशी इंटरफेरॉन हे संदेशवाहक प्रथिन स्रवते आणि एरवी दबून असलेली अर्बुदपेशी प्रतिकारपेशींच्या नजरेत भरते.

हेच सोंग उलटही फिरते, आणि या विषयावरील उत्साही लेखनात ही बाजू बहुधा झाकली जाते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गटाने २०१७ साली दाखवले की स्तनाच्या कर्करोगपेशी गाठीच्या आधारऊतीतील तंतुपेशींना चेतवतात तेव्हा त्यांत आरएन७एसएल१ नावाचा आरएनए वाढतो. एरवी तो प्रथिनांच्या आवरणात असतो. पण एक्झोसोम या सूक्ष्म पिशव्यांत भरून बाहेर पडताना ते आवरण उरत नाही, आणि हा उघडा आरएनए कर्करोगपेशीत पोचला की रिग-आय हे दुसरे संवेदक प्रथिन त्याला विषाणूच मानते. येथे इशाऱ्याने अर्बुद आवरत नाही. ते वाढते, पसरते आणि उपचारांना दाद देईनासे होते.

अर्बुदात विषाणूविरोधी प्रतिसाद उठला एवढ्यावरून औषध लागू पडले, असे म्हणूनच म्हणता येत नाही. तो कोणत्या पेशीत उठला आणि किती काळ टिकला, हेही पाहावे लागते. अमेरिकेत ॲझासायटिडीनला २००४ साली मान्यता मिळाली ती अस्थिमज्जेच्या मायलोडिस्प्लास्टिक विकारांसाठी. स्तन, आतडे वा अंडाशयाच्या गाठींवरील नित्याच्या उपचारांत या औषधाला अद्याप स्थान मिळालेले नाही.