दिवा लागतो, मग सेल्फ का उचलत नाही?

जानेवारीत चांदूर बाजार तालुक्यातल्या संत्राबागांत आंबिया बहाराचा ताण तुटतो, ओलित सुरू होतं, आणि नेमका त्याच दिवसांत सकाळच्या गारठ्यात ट्रॅक्टरचा सेल्फ दगा देतो. चावी फिरवली की नुसतं ‘टक्’. मग कोणी हेडलाइट लावून पाहतो. तो लख्ख लागतो. ‘लाइट तं लागून राह्यला भाऊ, मंग बॅटरी कायची खराब?’ असा एक निकाल येतो आणि ‘नवीनच टाकून दे बॅटरी’ असा दुसरा. दोन्ही घाईचे आहेत. दिवा लागला म्हणून बॅटरी धडधाकट ठरत नाही, आणि सेल्फ उचलला नाही म्हणून ती मेली असंही ठरत नाही.

यातला हिशेब जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली मांडून ठेवला आहे. तारेतून जितका प्रवाह जास्त, तितका तिच्या रोधापायी वाया जाणारा व्होल्टेज जास्त. समजा, बॅटरीच्या क्लॅम्पखाली पांढरट-हिरवा क्षार साचून तिथला रोध ०.०१ ओहम झाला. हेडलाइटचा बल्ब सुमारे ५ अँपिअर घेतो. त्या सांध्यात गळतात फक्त ०.०५ व्होल्ट. दिव्याला काही कळतही नाही. सेल्फ मात्र अडीचशे अँपिअर ओढतो. त्याच सांध्यात आता अडीच व्होल्ट गळतात, म्हणजे सहाशेवर वॅटची उष्णता. खराब क्लॅम्प दोन-चार वेळा सेल्फ मारल्यावर हाताला गरम लागतो तो यामुळेच. ठिबकच्या पाइपात कचरा अडकला असला तरी नळ बंद असताना गेजवर दाब पूर्ण दिसतो. पाणी सोडलं की शेवटच्या झाडापर्यंत थेंब पोचत नाही. तसंच हे.

आणि नवी बॅटरी टाकली की ट्रॅक्टर चालू होतो, हे खरं. पण ती बसवताना मिस्त्री क्लॅम्प घासून चकचकीत करतो, बोल्ट आवळतो. पुष्कळदा दोष तेवढ्यानेच गेलेला असतो आणि श्रेय बॅटरीला मिळतं. शेतकऱ्याचे काही हजार रुपये मात्र गेलेले असतात.

खरी तपासणी काही शे रुपयांच्या मल्टिमीटरने होते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. अँपिअर मोजायला जाऊ नये, तो जळेल. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, आणि इंजिन पेटू नये म्हणून स्टॉपचा नॉब ओढलेला. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ ला निम्मी, १२ च्या खाली जवळपास रिकामी. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटर पुन्हा बघायचा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर आधी बॅटरी चार्ज करून हीच चाचणी परत करावी. तरीही कोसळला तर बॅटरी गेली. पण आकडा टिकला आणि सेल्फ रेंगाळतोच आहे, तर चोर बहुधा तारेत आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या पॉझिटिव्ह खुंटावर टेकवायची, क्लॅम्पवर नाही. दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ फिरताना इथे अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर तेवढं वाटेत गळतंय. मग तीच चाचणी निगेटिव्ह खुंट आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये, इथे ०.३ च्या वर जाऊ नये. ही अर्थिंगची बाजू हमखास विसरली जाते. रंग किंवा गंज चढलेल्या चेसिसवर आवळलेली अर्थिंगची पट्टी मी फार ठिकाणी पाहिली आहे.

डिझेल इंजिनाला हे एवढं लागतं, कारण त्यात ठिणगी नाही. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, ती पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. सेल्फ हळू फिरला तर दाबलेली हवा रिंगांवाटे निसटते, उष्णता थंड लोखंडात जिरते आणि इंजिन नुसतं पांढरा धूर टाकतं. जुन्या हँडल मारायच्या इंजिनांना हा व्याप नव्हता: डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून सिलिंडरचा दाब सोडायचा, फ्लायव्हीलला वेग द्यायचा, खटका सोडायचा.

कोकणातल्या मासेमारी बोटींवरही हाच शोध घ्यावा लागतो, फक्त तिथे शत्रू खारी हवा. ती तारेच्या आवरणाखाली शिरून तांबं आतून काळं-हिरवं करते. म्हणून चांगल्या बोटीवर कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरतात. दिव्यांची आणि वायरलेसची बॅटरी सेल्फच्या बॅटरीपासून वेगळी ठेवायची चालही तिथली. समुद्रात धक्का मारायला कोणी येत नाही. जहाजांवरच्या लाइफबोटीचं इंजिन उणे १५ अंशांतही दोन मिनिटांत चालू झालंच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

आपल्याकडे बॅटरीचा शत्रू उन्हाळा. ४५ अंशांत तिचं पाणी उडतं, आतल्या पॉझिटिव्ह प्लेटांची जाळी झपाट्याने गंजते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. गारठ्यात तिची ताकद कमी आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन जड, म्हणून मे महिन्यात झालेली इजा डिसेंबर-जानेवारीत उघडी पडते. डिस्टिल्ड वॉटरची पातळी मार्चपासून बघत राहिलं पाहिजे.

आवाजही बरंच सांगतो. कटकटकट असा सलग आवाज म्हणजे सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला प्रवाह जोडणारा स्विच, ओढला जातोय, व्होल्टेज पडतोय, सुटतोय: बॅटरी किंवा सांधा. खणखणीत एकच ‘टक्’ आणि मीटरवर सगळं ठीक, तर सोलेनॉइडचे काँटॅक्ट जळलेले किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले. सेल्फ घर्रकन फिरतो पण इंजिन हलत नाही, तर दोष बेंडिक्सचा, म्हणजे सेल्फचे दाते फ्लायव्हीलमध्ये अडकवणाऱ्या भागाचा. इंजिन जोमाने फिरूनही पेटत नसेल तर बॅटरीचा विषय सोडून डिझेल लाइनमधली हवा काढावी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. चावीने घेत नाही म्हणून जमिनीवर उभं राहून स्क्रूड्रायव्हरने सेल्फचे बोल्ट शॉर्ट करण्याची रीत गावोगाव आहे. त्याने न्यूट्रलचा सेफ्टी स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन पेटताक्षणी तो पुढे येतो, आणि माणूस मागच्या चाकाच्या पुढ्यातच उभा असतो. जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाचं इंजिन चावी काढूनही थांबत नाही, कारण ठिणगी तोडून बंद पडणारं ते इंजिनच नाही. स्टॉपचा नॉब वर सीटजवळ असतो, त्याच्या हाताबाहेर.