लॅपटॉप घ्यावा जोखून!

दिवाळीची साफसफाई चालली होती. रद्दीवाला दारात काटा धरून उभा होता. वर्तमानपत्रांचे गठ्ठे जोखून होतात न होतात तोच आमच्या कन्येने आतून थोरल्या भावाचा लॅपटॉप पिशवीत घालून आणला आणि काट्याला अडकवला. रद्दीवाला चपापला.

"ताई, हासुद्धा द्यायचा?"

"नाही हो, नुसता जोखा!"

लॅपटॉप भरला अडीच किलो आणि त्याचा चार्जर पाऊण किलो. "बाबा, सव्वातीन किलो! मला असला नको," एवढे बजावून कन्या आत गेली. मी मात्र चार वर्षांपूर्वीचे माझे शहाणपण आठवीत दारातच उभा राहिलो.

त्या वेळी चिरंजीव नुकतेच कॉलेजात गेले होते. "अभ्यास तर होईलच, पण अधूनमधून खेळायलाही बरा," असे म्हणून दुकानदाराने खास खेळांसाठी बनवलेला लॅपटॉप आमच्या गळ्यात मारला. सौ.ने भिशीचे पैसे काढून दिले. पहिला आठवडाभर चिरंजीवांनी तो लोकलच्या गर्दीतून डोंबिवलीहून माटुंग्याला नेला. डबा, पाण्याची बाटली, पुस्तके आणि वर हे धूड! शिवाय दुपार होते न होते तोच बॅटरी मान टाकी. दुसऱ्या आठवड्यापासून लॅपटॉप घरच्या टेबलावर आणि चिरंजीवांच्या हाती पुन्हा वही! नेता यावा म्हणून घेतलेली वस्तू नेता येत नसेल, तर तिचा उपयोग काय?

खरे म्हणजे माणसाची ही हौस जुनी आहे. १९८१ साली अमेरिकेत 'ऑस्बॉर्न १' नावाचा सुवाह्य संगणक निघाला. त्याचे वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंची आणि पोटात बॅटरी नाहीच! तरी लोकांनी तो कौतुकाने घेतला. आज दीड किलोत त्याच्या कितीतरी पट काम होते. तेव्हा उगाच हमाली का करावी?

या खेपेस आम्ही सारे घर बसून विचार केला. पहिला नियम कन्येचाच: वजन चार्जरसकट धरायचे. रोज प्रवास करणाऱ्याने १४ इंची पडद्याचा, दीड किलोच्या आसपासचा लॅपटॉप पाहावा.

दुसरी गोष्ट बॅटरीची. जाहिरातीतल्या तासांवर विसंबू नये. बॅटरी किती वॉट-तासांची आहे ते विचारावे. ६० वॉट-तासांची बॅटरी असेल आणि लिहिण्यावाचण्याला सरासरी १० वॉट लागत असतील, तर सहा तास निघतील. साधा भागाकार! जड खेळ लावला की हाच खर्च कित्येक पटींनी वाढतो. म्हणून खेळ हा भिंतीतल्या सॉकेटजवळ बसूनच खेळायचा, हे ओळखून असावे.

तिसरी गोष्ट स्मरणशक्तीची, म्हणजे रॅमची. आज १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मूळ पाटीलाच डाखलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. साठवणीला ५१२ जीबीची एसएसडी असावी. आजचे मोठे खेळ एकेक शंभर जीबी जागा सहज अडवतात.

आता खरा वादाचा मुद्दा! चित्रे रंगवणारा ग्राफिक्सचा भाग दोन प्रकारचा असतो. एक प्रोसेसरच्या पोटातलाच, दुसरा स्वतंत्र. स्वतंत्र भाग आला की उष्णता आली, पंखे आले, मोठा चार्जर आला आणि किंमतही वाढली. 'व्हॅलोरंट' किंवा 'माइनक्राफ्ट'सारखे खेळ नव्या प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सवरही चांगले चालतात. मात्र हा भाग मुख्य रॅममधलीच जागा उसनी घेतो. म्हणून रॅमची एकच पट्टी असण्यापेक्षा जोडी असलेली बरी. 'सायबरपंक २०७७'सारखा अवजड खेळ नीट खेळायचा, तर स्वतंत्र भाग हवाच. तिथेही एक मेख आहे. 'आरटीएक्स ४०५०' हे एकच नाव असलेली चिप कुठे ३५ वॉटवर, तर कुठे ११५ वॉटवर चालवलेली असते. नाव तेच, पण जोर निराळा! तेव्हा नावाबरोबर वॉटही विचारावेत.

विषय कोणता शिकायचा, हेही आधी पाहावे. 'सॉलिडवर्क्स'सारखी यंत्ररचनेची प्रणाली विंडोजसाठी बनलेली आहे, आणि 'व्हॅलोरंट' मॅकवर चालत नाही. कॉलेजात कोणत्या प्रणाली लागतील ते वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून मगच दुकानाची पायरी चढावी.

जाणकार म्हणतील, एवढे पैसे घालायचे तर खेळांचाच घ्यावा, अभ्यास त्यावरही होतो. वसतिगृहात राहणाऱ्याला, ज्याचे टेबल आणि वर्ग जवळजवळ आहेत, त्याला हे म्हणणे लागू पडेल. लोकलने जाणाऱ्याला नव्हे.

शेवटी कन्येने आपल्या हाताने हिशेब मांडला: आठवड्यातून अभ्यासाचे तास चाळीस, खेळाचे चार. "मग चार तासांसाठी चाळीस तासांना ओझे का?" या प्रश्नाला घरात कुणापाशीच उत्तर नव्हते. दुकानात तिने लॅपटॉप आणि चार्जर आपल्याच सॅकमध्ये घातले, वर डबा आणि बाटली ठेवली, आणि सॅक पाठीला लावून जिना दोनदा चढली-उतरली. दुकानदार हसला, पण आम्ही हसलो नाही. पडदा उजेडात धरून पाहिला, कळफलकावर पानभर मजकूर टंकून पाहिला, हमीची मुदत पावतीवर लिहून घेतली, मगच पैसे मोजले.

थोरल्याचा लॅपटॉपही वाया गेलेला नाही. जड खेळ खेळायची लहर आली की रविवारी बहीणभाऊ त्याच टेबलापाशी भांडत बसतात. सौ. म्हणते, भिशीचे पैसे आत्ता कुठे वसूल होऊ लागले!