फी वर्षाची, मुदत आज रात्रीपर्यंत

२२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री आठ वाजता अमरावती शहर पुन्हा बंद झालं. करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात सगळ्यांत आधी जाणवली ती अमरावती-अकोल्याकडेच. मार्च २०२० पासून टाळं लागलेल्या राज्यातल्या जिम आदल्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या होत्या. मग थंडी आली, नवं वर्ष आलं आणि नव्या वर्षाच्या सवलती आल्या. जानेवारीत ज्यांनी बारा महिन्यांचे पैसे एकरकमी भरले, त्यांच्या वाट्याला टाळेबंदीआधी दोन महिन्यांचाही व्यायाम आला नाही. एप्रिलमध्ये राज्यभर पुन्हा टाळी लागली. काही मालकांनी बंद काळाचे दिवस इमानदारीने वाढवून दिले. बाकीच्यांनी पावतीच्या मागची बारीक अक्षरं पुढे केली: ‘एकदा भरलेली फी परत मिळणार नाही.’

ती ओळ महामारीच्या आधीपासून तिथे होती. वाचायची वेळ तेव्हा आली, एवढंच.

वऱ्हाडाला व्यायाम कुणाकडून विकत शिकावा लागला नाही, म्हणून ही गोष्ट जास्त बोचते. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, वैद्य बंधूंनी उभं केलेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूने तिथे मलखांब, कबड्डी असे देशी खेळ करून दाखवले. मंडळाच्या प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. अकोल्याच्या जुन्या शहरात आखाडे होते, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वराकडे निघणारी कावड होती. पोरं कावडीसाठी अंग कमवायची. आखाड्यात वर्गणी असे, ती थकेही. पण दोन दिवस पोरगा दिसला नाही की वस्ताद चौकात गाठून विचारायचा, “काऊन बे, काल काऊन नाही आला?” न येणारा पोरगा म्हणजे वस्तादाची नामुष्की होती.

पुढे यंत्रं आली. नव्वदच्या दशकात दोन्ही शहरांत गाळ्यागाळ्यांतून आरसे, बेंच आणि लोखंडी वजनं दिसू लागली. फी महिन्याची, पावती वहीतली, मालक स्वतःच शिकवणारा. त्यात विक्रीचं असं काही तंत्र नव्हतं. ते आलं साखळी जिमच्या मागून. तळवलकर हे मराठी माणसाच्या मनात व्यायामाशी जोडलेलं नाव, मुंबईत १९३२ पासूनचं. त्यांची कंपनी २०१० मध्ये शेअर बाजारात आली आणि २०१९ मध्ये कर्जाचे हप्ते थकवून कोसळली. शाखा बंद पडत गेल्या, वर्षाची फी भरून बसलेले सभासद बाहेर राहिले. आगाऊ फी म्हणजे सभासदाने जिमला दिलेलं बिनतारणी, बिनव्याजी कर्ज असतं, हे तेव्हा महाराष्ट्राला दिसलं. तरी पद्धत बदलली नाही. उलट ती लहान शहरांत उतरली.

तिचा साचा आता अमरावतीत राजापेठेला आणि अकोल्यात गोरक्षण रोडला सारखाच आढळतो. चौकशीला गेलेल्याला दर सांगत नाहीत. आधी नाव-नंबर लिहून घेतात, आत फिरवून आणतात. मग वजनकाट्यासारख्या यंत्रावर उभं करून चरबीच्या टक्केवारीचा कागद काढतात. या कागदाचा मला खरा राग आहे. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी आलेल्या बाईला, लग्न ठरलेल्या मुलीला, वर्गात चिडवल्या जाणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला तो कागद हातात देऊन “मॅडम, हे असंच राहिलं तर...” असं अर्धं वाक्य बोललं जातं. माणूस तब्येत सुधारायला आलेला असतो, पण घाबरून पैसे देतो. त्यानंतर आकडा येतो: फुगवलेला, त्यावर काट मारलेला, शेजारी ‘आजचा’ दर. विचार करून सांगतो म्हटलं की मॅनेजर येतो. “दादा, हा रेट आज रात्री बारापर्यंतच.” दुसऱ्या दिवशी फोन येतो तेव्हा तोच दर पुन्हा हजर असतो.

समोर बसलेल्या विक्रेत्या पोराला दोष देऊन हे सुटत नाही. त्याचा पगार थोडा आणि महिन्याचं टार्गेट मोठं असतं. ट्रेनरलासुद्धा पर्सनल ट्रेनिंगची पॅकेजं विकावी लागतात, आणि जो घेत नाही त्याच्याकडे हॉलमध्ये कुणी फिरकत नाही. मालकाचीही बाजू आहे. यंत्रं कर्जावर, जागा भाड्याची, आणि मे महिन्यात पारा ४५ वर गेला की एसीचं बिल वाढतं नि माणसं घटतात. जानेवारीत गोळा केलेल्या पैशावर त्याचा उन्हाळा निघतो. पण ही त्याच्या धंद्याची अडचण आहे. ती ग्राहकाच्या भीतीवर भागवायची त्याला मुभा नाही.

सभासद रोज आले तर हॉल पुरणार नाही, हे या हिशेबात गृहीतच आहे. अर्थतज्ज्ञ स्टेफानो डेलाविग्ना आणि उलरिके माल्मेंडियर यांनी अमेरिकेतल्या तीन क्लबांतल्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये निबंध छापला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चारेक वेळाच जात होते. एका खेपेला त्यांना १७ डॉलरच्या वर पडत होते, आणि दहा खेपांचा पास त्याच दारात खेपेला १० डॉलरने मिळत होता. माणूस आपल्या उद्याच्या उत्साहाला आज जास्त किंमत लावतो. विक्रेता नेमका त्याच घडीला पेन पुढे करतो. म्हणून न्यूयॉर्क राज्यात जिमचा करार तीन दिवसांत रद्द करायचा हक्क कायद्याने दिलेला आहे.

आपल्याकडे थेट विक्रीच्या मालाला २०२१ च्या नियमांनी अशी माघारीची सोय दिली. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जांनाही ती दिली. वर्षाची फी ‘बिनव्याजी हप्त्यां’वर घेतली, तर ते हप्ते बहुधा वित्तसंस्थेचं कर्ज असतं आणि जिमला कुलूप लागलं तरी खात्यातून कापले जातात. अशा कर्जातून सुरुवातीच्या मुदतीत बाहेर पडता येतं, जिमच्या करारातून मात्र नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने ग्राहकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी काढली. खोटी घाई आणि नकार देणाऱ्याला लाजवणं या दोन्ही तिच्यात आहेत. पण ती यादी ऑनलाइन व्यवहारांपुरती आहे, काउंटरवरच्या ‘रात्री बारापर्यंत’ला ती लागू नाही.

काउंटरसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. त्यात सेवेतली त्रुटी आहे, अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि आपल्यासारख्यांसाठी सर्वांत मोठा बदल म्हणजे तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी मुंबई-पुण्याची असली तरी अकोल्याच्या माणसाने अकोल्यातच दाद मागावी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. आज आहे, आणि दहा-पंधरा हजारांसाठी कुठे भांडत बसायचं म्हणून आपण ते वापरत नाही. असं प्रत्येकाने सोडून दिलेल्या रकमांवरच ती बारीक अक्षरं टिकून आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. त्यानंतर नूतनीकरण केलेल्यांनी आपली जुनी आणि नवी पावती शेजारी ठेवून पाहावी: कर किती, मूळ फी किती आणि ती मध्येच कधी वाढली. फरक दिसला तर लेखी विचारावं. आणि येत्या डिसेंबरात जाणाऱ्यांनी दरपत्रक घरी आणावं, दोन रात्री जाऊ द्याव्या, मग एकाच महिन्याची फी भरावी. महिन्याची फी घ्यायला जी जिम तयार नाही, तिला तुमच्या अकराव्या महिन्यातल्या हजेरीची खात्री नसते.