माहेरचं स्वस्त काम आणि आपण

परदेशात चार-सहा वर्षं संसार केलात की धुणं, भांडी, इस्त्री, झाडलोट सगळं आपल्याच हातानं करायची सवय लागते. मग सुट्टीत मलकापूरला नाहीतर शेगावला गाडीतून उतरून बुलढाणा, चिखली, मेहकरच्या घरी आलात की नवल वाटतं. धुण्याभांड्याला बाई आहे, गल्लीत इस्त्रीवाला आहे, कोपऱ्यावर फॉल-पिको होतं. आणि पैसे ऐकून तोंडून निघतं, "एवढेच?"

हे असं का बरं? मोबाइल बोटीनं, विमानानं कुठंही जातो, म्हणून त्याची किंमत सगळीकडे साधारण सारखी. घासलेली भांडी काही बोटीनं येत नाहीत! त्यांचा भाव गावच्या मजुरीवर ठरतो. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 1964 साली हेच मांडलं. अमेरिकेत 2009 पासून केंद्र सरकारनं ठरवलेली किमान मजुरी तासाला 7.25 डॉलर आहे. आपल्याकडे महिनाभर रोज येणाऱ्या बाईचा पगार त्याशेजारी ठेवून पाहा. काम तेच, कंबरही तशीच दुखते.

म्हणून काही गोष्टी सांभाळा.

आल्याबरोबर आईला किंवा सासूबाईंना चालू दर विचारा. त्यावर पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस नको. पण डॉलरच्या हिशेबानं तिप्पट पगारही परस्पर कबूल करू नका. तुम्ही महिन्यानं जाल. पुढं तो पगार घरच्यांना झेपला नाही, तर बाईचं काम सुटेल आणि म्हाताऱ्या माणसांची पंचाईत होईल. तुमच्या येण्यानं भांडी वाढली, पाहुणे वाढले, तर जादा कामाचे पैसे वेगळे द्या आणि तसं स्पष्ट सांगा.

ब्लाउज शिवायला पहिल्याच आठवड्यात टाका. लग्नसराईत शिंप्याला रात्र-रात्र जागवून वर शिलाई कमी करायला सांगणं शोभत नाही.

चहाचा कप बाईसाठी वेगळा असेल, तर तो आधी बंद करा. आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा आणि दिवाळीला काहीतरी, एवढं ठरवून टाका. 2008 साली महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला आहे. 18 ते 60 वयाच्या बाईला त्यात नाव नोंदवता येतं. तिला अर्ज भरायला तासभर मदत करा. वाढीव पगार देता आला नाही, तरी ही मदत मागं राहील.

आणि मुलांचं काय? तिकडे स्वतःचं ताट उचलणारी मुलं आजोळी आली की हाका मारायला शिकतात. त्यांना ताट इथंही उचलू द्या. काम स्वस्त मिळतं म्हणून ते हलकं असतं, असं मात्र त्यांच्या मनात बसायला नको.