वळिवड्याची पोलिश वस्ती

लढाई म्हटलं की आपल्याला सैनिक आठवतात. पण लढाईपायी देश सोडून जाणाऱ्यांत बाया आणि लेकरंच जास्त असतात. याचं एक उदाहरण आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्यात घडलं. १९४३ ते १९४८ या काळात तिथं पोलंड देशातली सुमारे ५,००० माणसं राहत होती.

इतक्या लांबून ती आली कशी? सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर एका बाजूनं जर्मनीनं आणि दुसऱ्या बाजूनं सोव्हिएत रशियानं हल्ला केला. रशियानं पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं रेल्वेत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली. थंडीनं, उपासमारीनं कित्येकजण दगावले. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच चाल केली. तेव्हा रशियानं पोलंडशी समेट केला आणि या लोकांना सोडलं. पुरुष पोलिश फौजेत गेले. बाया, मुलं, म्हातारी माणसं १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. त्यातलीच काही पुढं वळिवड्याला पोचली.

इथं त्यांना बराकींत जागा मिळाली. घरचा कर्ता पुरुष बहुतेकींजवळ नव्हता. तरी या वस्तीत शाळा चालल्या, दवाखाना, चर्च, दुकानं उभी राहिली, नाटकंही झाली.

मग १९४५ मध्ये लढाई संपल्यावर त्या घरी का गेल्या नाहीत? कारण गाव जागेवरच होतं, पण देशाची सीमा सरकली होती. पूर्व पोलंड सोव्हिएत रशियात गेला होता. गावी परतायचं म्हणजे ज्यांनी हाकललं त्यांच्याच राज्यात जायचं. म्हणून कुणी इंग्लंडला गेली, कुणी कॅनडा, ऑस्ट्रेलियाला. काहीजणी पोलंडच्या उरलेल्या भागात गेल्या.

बराकी मात्र फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. इकडं १९४७ मध्ये आपलीही सीमा नव्यानं आखली गेली. सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं तिथं राहायला आली. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जातो ना, तेच!

तेव्हा परमुलखातलं कुटुंब गावात आलं, की ‘हे इथं कशाला आले?’ असं आपापसात कुजबुजण्यापेक्षा आपण त्यांच्या बाईलाच जवळ बसवून विचारू, ‘काय झालं गं तुझ्या गावाला?’ आणि वळिवड्याच्या आसपासच्या गटांनो, तुमच्या आज्यांनी या पोलिश बायांच्या गोष्टी सांगितल्या असतील, तर आमच्याकडं जरूर पाठवा. आपण त्या रेडिओवर सगळ्यांना ऐकवू.