आधी घर, मग पाडापाड

भातकापणी आटोपली की हरसूल, पेठ या भागांतील मजूर नाशकास येतो, विटा वाहतो, स्लॅब ओततो आणि रात्री त्याच इमारतीच्या कडेस ताडपत्रीखाली निजतो. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्याने त्याला फुकट तात्पुरते निवास देण्याचे बंधन मालकावर घातले. त्याची अंमलबजावणी किती झाली, हे त्या ताडपत्रीवरून ओळखावे!

नाशकाची वस्ती २००१ च्या खानेसुमारीत पावणेअकरा लाखांच्या घरात होती. २०११ मध्ये ती पंधरा लाखांच्या आसपास पोहोचली. ही दाटी मोडून काढा, असे पुष्कळ सद्‌गृहस्थ म्हणतात. कोणास हुसकून, ते मात्र सांगत नाहीत.

मुंबईने हा प्रयोग करून पाहिला आहे. १८९६ च्या प्लेगानंतर १८९८ मध्ये तेथे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने उजेड व वारा यांच्या नावाने जुन्या आळ्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. परंतु घर गमावलेला गरीब शहर सोडून थोडाच जातो? तो शेजारच्या चाळींत शिरला व तेथील गर्दी वाढली. पुढे बीडीडी चाळी उठल्या; त्यांत कुटुंबास १६० चौरस फुटांची एक खोली. वरळीच्या त्या चाळकऱ्यांस ५०० चौरस फुटांच्या घरांच्या पहिल्या किल्ल्या मिळावयास २०२५ चा ऑगस्ट उजाडावा लागला.

दोष दाटीचा नव्हे, अंधाऱ्या खोलीचा आहे. नाशकाच्या महापालिकेने झोपडी पाडण्याची नोटीस काढण्यापूर्वी नव्या घराची किल्ली तयार ठेवावी. आणि हंगामी मजुराच्या निवाऱ्याची पाहणी केल्यावाचून कोणासही बांधकामाचा परवाना देऊ नये.