वाहायला हलकं, चालवायला जड

रिव्हॉल्व्हर शिकवणारे लोक एक साधा सराव करून घेतात. चक्र उघडून सगळी घरं रिकामी आहेत याची दोनदा खात्री करायची, नळी सुरक्षित दिशेला धरायची आणि जोडीदाराला नळीवर नेमाच्या माशीच्या मागे एक नाणं ठेवायला सांगायचं. मग ते नाणं न पाडता चाप शेवटपर्यंत ओढायचा. किलोभर वजनाच्या पोलादी रिव्हॉल्व्हरवर हे थोड्या सरावाने जमतं. तेच नाणं सव्वाचारशे ग्रॅमच्या, खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्व्हरवर ठेवलं की पहिले कित्येक प्रयत्न फसतात. काडतूस नाही, बार नाही, धक्का नाही, तरीही नाणं खाली येतं.

कारण चापात आहे. डबल ॲक्शन पद्धतीत चापाची एकच ओढ तीन कामं करते. ती चक्र एका घराने पुढे फिरवते, घोडा मागे नेते आणि शेवटी त्याला सोडून देते. या सगळ्याला बोटाचा साधारण पाच किलोचा जोर लागतो. शस्त्र एक किलोचं असेल तर हा जोर त्याच्या वजनाच्या पाचपट झाला. शस्त्र सव्वाचारशे ग्रॅमचं असेल तर तो जवळजवळ बारापट होतो. बोट जरा तिरकं गेलं की हलकं शस्त्र त्याच्यामागे वळतं. जड पोलाद मात्र आपली जागा सहसा सोडत नाही.

आता काडतूस भरलेलं आहे असं समजू. दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला 240 मीटर वेगाने पुढे गेली, तर एक किलोचं रिव्हॉल्व्हर सेकंदाला 2.4 मीटर वेगाने मागे येतं. वजन अर्धा किलो केलं की हा वेग 4.8 मीटर होतो. मागे येणाऱ्या शस्त्राची ऊर्जाही दुप्पट होते, सुमारे तीन ज्यूलवरून सहा ज्यूलच्या घरात जाते. बाहेर पडणाऱ्या वायूचा धक्का यात धरलेलाच नाही. तो मिळवला की आकडे आणखी वाढतात. कमरेवरचं जे वजन आपण वाचवतो, त्याची वसुली तळहाताकडून होते.

हलकं रिव्हॉल्व्हर बहुधा आखूडही असतं, त्यामुळे नेमाचीही अडचण येते. मागची खाच आणि पुढची माशी यांत दहा सेंटिमीटर अंतर असेल आणि माशी एक मिलिमीटर सरकली, तर सात मीटरवर गोळी सात सेंटिमीटर बाजूला लागते. तेच अंतर वीस सेंटिमीटर असेल, तर चूक साडेतीन सेंटिमीटरवर येते. आखूड नळी गोळी मुद्दाम वाकडी सोडत नाही. हाताची छोटी चूक ती मोठी करून दाखवते.

एवढं सगळं असताना हलकी रिव्हॉल्व्हर बनवलीच का जातात? कारण शस्त्र चालवायचं असतं क्वचित, आणि वाहायचं असतं रोज. साध्या वेशातला पोलीस बारा तास ते कमरेला, घोट्याला किंवा कोटाच्या खिशात बाळगतो. जे जड वाटतं ते एक दिवस घरी राहतं, आणि घरी राहिलेल्या शस्त्राचा प्रसंगी काहीच उपयोग नसतो. ही गरज ओळखून अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीने 1950 मध्ये ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं ‘कोब्रा’ आणलं. पुढे स्मिथ अँड वेसननेही ‘एअरवेट’ ही मालिका काढली.

हिशोब धातूंचा आहे. एक घन सेंटिमीटर पोलाद सुमारे 7.8 ग्रॅम भरतं, टायटॅनियम 4.5 आणि ॲल्युमिनियम 2.7. पण बार उडताना खरा दाब झेलतात ते चक्र आणि नळी. सांगाड्यावर त्या मानाने कमी भार येतो, म्हणून तो हलक्या धातूचा करता येतो. अमेरिकी हवाई दलाने 1950 च्या दशकात वैमानिकांसाठी चक्रसुद्धा ॲल्युमिनियमचं असलेली रिव्हॉल्व्हर घेऊन पाहिली. त्यांच्यासाठी कमी दाबाचं खास काडतूस ठरवावं लागलं, तरीही चक्रं तडकण्याची भीती गेली नाही. अखेर ती शस्त्रं परत घेऊन बहुतेक नष्ट केली गेली. पुढे टायटॅनियमची चक्रं आणि किंचित स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे सांगाडे आले, तेव्हा कुठे अतिहलकं शस्त्र मोठ्या काडतुसाला पुरं पडू लागलं.

तरी हलकेपणाची एक अडचण धातूने सुटत नाही. बार झाला की शस्त्र झटक्याने मागे येतं आणि चक्रातल्या बाकीच्या काडतुसांनाही मागे ओढतं. कवच मागे जातं, पण आतली जड गोळी जागेवर राहू पाहते. दोन-चार झटक्यांत ती कवचातून हळूहळू पुढे सरकते आणि चक्राच्या तोंडाबाहेर डोकावली की सांगाड्याला अडते. मग चक्र फिरतच नाही. म्हणून जपून वापरणारा माणूस हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये कुठलंही काडतूस भरत नाही. चार बार काढून पाचव्या काडतुसाची लांबी मोजतो. ती वाढलेली दिसली तर ते काडतूस त्या शस्त्रासाठी नाही असं समजतो.

स्पर्धेत वजनाचं पारडं फिरतं. तिथे शस्त्र दिवसभर बाळगायचं नसतं, बार मात्र भरपूर काढायचे असतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत 25 मीटर सेंटर फायर प्रकारात रिव्हॉल्व्हरही चालतं. जसपाल राणा याच प्रकारात 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सुवर्णविजेता ठरला. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते 25 मीटर पिस्तूल प्रकारात. दोन्हींत शस्त्र 1400 ग्रॅमपेक्षा जड चालत नाही आणि चाप एक किलोपेक्षा हलका चालत नाही. वजनाला वरची मर्यादा आणि चापाला खालची, या जोडीतच सगळं आलं. स्थिर हातासाठी प्रत्येकाला जड शस्त्र आणि हलका चाप हवा असतो, म्हणून नियमाला तिथेच हात घालावा लागतो.

वेगाच्या स्पर्धांतही तेच दिसतं. जेरी मिक्युलेकने 1999 मध्ये सहा बार, पुन्हा भरणी आणि आणखी सहा बार असे बारा बार 2.99 सेकंदांत काढले, ते पोलादी रिव्हॉल्व्हरने. धक्का कमी होण्यासाठी अगदीच मवाळ काडतुसं वापरावीत असं कुणाच्याही मनात येईल, पण नियम तेही होऊ देत नाहीत. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत, दोहोंचा गुणाकार भागिले हजार, हा ‘पॉवर फॅक्टर’. 158 ग्रेनची गोळी 750 फूट वेगाने गेली तर तो 118.5 येतो. आयडीपीए या अमेरिकी संस्थेत साध्या रिव्हॉल्व्हरसाठी तो किमान 105 लागतो. याच संस्थेने खिशातल्या छोट्या शस्त्रांसाठी ‘बॅक-अप गन’ असा वेगळा गट ठेवला आहे. हलक्या रिव्हॉल्व्हरची स्पर्धेतली खरी जागा ही आहे. रोज बाळगतो ते शस्त्र आपल्याला खरोखर चालवता येतं का, हे माणसाला तिथे घड्याळासमोर कळतं.

विशेष पथकांचा विचार मधल्या वाटेने जातो. ढाल धरून पुढे जाणाऱ्याचा एक हात अडकलेला असतो. स्वयंचलित पिस्तुलाची मागेपुढे सरकणारी स्लाइड ढालीच्या कडेला अडू शकते. रिव्हॉल्व्हरला स्लाइडच नाही, आणि बार फुसका निघाला तर चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. पण एका हाताने पेलायचं तर सव्वा किलो जड होतं. स्मिथ अँड वेसनचं ‘टीआरआर 8’ आठ काडतुसांचं आहे. चक्र पोलादी, सांगाडा स्कँडियमच्या मिश्रधातूचा आणि वजन साधारण एक किलो. त्याच घडणीचं पोलादी रिव्हॉल्व्हर सुमारे सव्वा किलो भरतं. इथे पाव किलोच उतरवला आहे. हात थकू नये इतपत हलकं आणि धक्का सोसावा इतपत जड, असा तोल साधलेला आहे.

आपल्याकडे हा विषय 2014 साली घरोघरी पोचला. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर काढलं, आणि ते महिलांसाठी म्हणून पुढे आणलं. हलकं म्हणजे बाईच्या हाताला सोपं, असा समज त्यातून पसरला. इथवर वाचलेल्याला तो पटणार नाही. ‘निर्भीक’ला आधार मिळतो तो त्याच्या .32 काडतुसाचा. सव्वासहा-साडेसहा ग्रॅमची गोळी 220 मीटर वेगाने गेली, तर अर्ध्या किलोचं शस्त्र 2.8 मीटर वेगाने मागे येतं. वर पाहिलेल्या एक किलोच्या रिव्हॉल्व्हरच्या हे जवळपास आहे. वजन कमी करताना काडतूसही लहान ठेवलं, म्हणून हिशोब बसला. चापाचा जोर आणि आखूड नळी मात्र आहेत तिथेच राहतात. त्यांवर सरावाखेरीज उपाय नाही.

म्हणून परवाना हाती असलेल्या कुणी सल्ला विचारला, तर मी आधी तीन प्रश्न विचारीन. दिवसातले किती तास बाळगणार? महिन्याला किती काडतुसांचा सराव करणार? आणि कोणतं काडतूस वापरणार? फक्त पहिल्याचं उत्तर मोठं असेल, तर हलकं शस्त्र त्या माणसाला प्रसंगी साथ देणार नाही. शिकायचं ते जड पोलादी रिव्हॉल्व्हरवर, मवाळ काडतुसांनी, चापाची ओढ सरळ होईपर्यंत. आणि रेंजवरून निघण्याआधी शेवटची पाच काडतुसं, सावकाश, त्या हलक्या शस्त्रातून.